निळ्या कोटाची दुमड

मास्तरला मी चार वर्षं ओळखत होतो असं लोक म्हणतात. खरं तर माझ्या इस्त्रीच्या टेबलापासून त्याच्या शिलाई मशीनपर्यंत सहा पावलांचं अंतर होतं, आणि चार वर्षांत आम्ही दोघांनी मिळून त्यातलं फार तर निम्मं ओलांडलं असेल. त्याला भावंडं किती, तरुणपणी तो कसा दिसायचा, रागावला की ओरडायचा की गप्प व्हायचा, यातलं मला काही ठाऊक नाही. बायकोशी त्याचं नेमकं कशावरून बिनसलं तेही मी विचारलं नाही. मला विचारायला जमत नाही, त्याला सांगायला जमत नव्हतं, म्हणूनच बहुधा आमचं जमलं.

पण परवा त्याची मुलगी आली आणि म्हणाली, "काका, तुम्हांला जेवढं माहीत आहे तेवढं लिहून ठेवा. मला त्यांची चारच वर्षं मिळाली." तिला नाही म्हणवेना. मला नीट माहीत असलेली गोष्ट एकच, कोटाची. त्यात माझाही हात होता. जिथे मी नव्हतो तिथलं त्यानंच मशीन चालवताना तुकड्यातुकड्यानं सांगितलं होतं, ते मी जोडून घेतलं आहे.

आमचं दुकान कपडे धुऊन, इस्त्री करून आणि दुरुस्त करून देण्याचं. पुढे गल्ल्यावर दुकानाच्या मालकीण बाई, मागच्या खोलीत वाफेच्या इस्त्रीपाशी मी, आणि खिडकीखाली एक मशीन, ज्यावर सहा महिने कोणी बसलं नव्हतं. तिथे एका सकाळी एक पन्नाशी उलटलेला, खांद्यांत वाकलेला माणूस आला. हातात रुमालात गुंडाळलेली कात्री, खिशात शिवताना बोटात घालायचं पितळी अंगुस्तान. इथली भाषा येत नव्हती. बाईंनी एक फाटका खिसा पुढे टाकला. त्यानं तो असा शिवला, की बाई चष्मा लावून फाटलेली जागा शोधत बसल्या. त्या माणसानं माझ्याकडे बघून आमच्या भाषेत विचारलं, "ही काय शोधतेय?" मी तीस वर्षांपूर्वी त्याच मुलखातून इकडे आलेला. मी म्हटलं, "तू शिवलंयस ते." तो पहिल्यांदा हसला. त्या दिवसापासून मी त्याला मास्तर म्हणू लागलो आणि तो मला दादा.

युद्धातून तो एकटा आला नव्हता. पंधरा वर्षांची मुलगी बरोबर होती. दोघं जवळच, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत राहत. खोलीच्या मधोमध मास्तरनं चादरीचा पडदा लावला होता, मोजून एकसारख्या चुण्या घातलेला. खिडकीची बाजू मुलीची, दाराची त्याची. पडद्याच्या अलीकडून पलीकडे दिवसाला जेमतेम दहा वाक्यं जात. चहा झालाय. पाव संपलाय. उद्या कचेरीत जायचंय. मुलगी चार महिन्यांत इथली भाषा फाडफाड बोलू लागली. बापाला मात्र बाही, कंबर, अस्तर, बटण एवढेच शब्द येत. निर्वासितांच्या कचेरीत, दवाखान्यात तीच त्याच्या वतीनं बोलायची, पण त्याला हाक मारायची नाही. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहायची.

कारणही तसंच होतं. ती सहा वर्षांची असताना मास्तर घर सोडून दुसऱ्या शहरात गणवेशाच्या कारखान्यात गेला होता. आधी महिन्याला यायचा, मग पत्र यायचं, मग तेही थांबलं. तिच्या आठवणीत बाप म्हणजे गळ्यात टेप अडकवलेला आणि तोंडात टाचण्या धरून बोलणारा माणूस, एवढंच. पुढे लढाई गावाच्या वेशीपर्यंत आली तेव्हा बायकोनं एका लॉरीवाल्याकरवी निरोप धाडला, येऊन पोरीला घेऊन जा. मास्तर चार दिवस पायी चालत आला. तो पोचण्याआधी दोन दिवस, पावाच्या रांगेत उभी असताना बायको मारली गेली होती. शेजाऱ्यांच्या पायरीवर मुलगी बसली होती, मांडीवर पिशवी, अंगात आईचा निळा लोकरी कोट. इतक्या वर्षांनी बापाला बघून ती एवढंच म्हणाली, "उशीर झाला."

मास्तरनं हे मला एकदाच सांगितलं, आणि मग पुढचे दोन तास मशीनचा आवाज थांबू दिला नाही.

मुलीची एक मावशी होती, दूरच्या देशात सुखवस्तू. ती पत्रं पाठवायची, तिला माझ्याकडे पाठवा, तुमच्याच्यानं मूल सांभाळणं व्हायचं नाही. कचेरीचा नियम असा, की सोळावं लागलं की मुलीचा शब्द शेवटचा. बापापाशी राहायचं की मावशीकडे जायचं, हे तिनं स्वतः येऊन सांगायचं. थंडी सरता सरता एका गुरुवारची तारीख मिळाली. ते कार्ड मास्तरनं आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं होतं, म्हणजे दाढी करताना रोज दिसायचं.

मी एकदा धीर करून म्हटलं, "अरे, तिला सांग की थांब म्हणून."

"मी?" तो म्हणाला. "नऊ वर्षं गायब असलेल्या माणसानं थांब म्हणायचं? दादा, कुठल्या तोंडानं?"

आता कोटाकडे येतो.

आईचा कोट मुलीला लांब होत होता. वाटेत पायात येऊ नये म्हणून आईनं निघायच्या तयारीत खालून वीतभर दुमडून शिवला होता. आणि शिवला होता कसा! गादी शिवायच्या जाड पांढऱ्या दोऱ्यानं, लोकर आणि अस्तर एकत्रच, जे कुठलाही शिंपी करणार नाही. एक टाका लांब, एक आखूड, मध्येच दोन एकावर एक, जणू चिखलातून कोंबडी चालत गेलीय. शिंप्याची बायको असून तिला सुई धरता येत नसे, आणि मास्तर त्यावरून तिला फार चिडवायचा. "झाडू धरावा तशी सुई धरते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. एकदा तर तिनं हौसेनं शिवलेला पडदा त्यानं पाहुण्यांदेखत उसवून पुन्हा शिवून दाखवला होता. पाहुणी म्हणजे हीच मावशी. तो पडदा ती अजून पत्रांत काढायची.

तर रोज सकाळी मुलगी तो कोट घालून शाळेला निघायची आणि ती दुमड मास्तरच्या डोळ्यांसमोरून जिना उतरायची. मागच्या बाजूनं थोडी उसवून लोंबत होती. दोनदा तिचा पाय अडकला. वर गुरुवारी कचेरीत जायचं. मावशीच्या देशातही कागद जाणार, तर पोरगी नीटनेटकी दिसावी, एवढाच त्याचा हेतू. शनिवारी ऊन पडलं, मुलगी नुसत्या स्वेटरवर शाळेत गेली, आणि मास्तर कोट बगलेत मारून दुकानात आला.

पाच मिनिटांत त्यानं ती दुमड उसवली. मग तासभर मान वर न करता अशी दुमड घातली की बाहेरून टाका दिसेल तर शपथ. मग कोट माझ्याकडे आणला. "दादा, दाबून वाफ दे."

मी दिली. चांगली तीन वेळा फिरवली. लोकरीवर वाफ बसली की जुन्या टाक्यांची भोकं बुजून जातात, घडीची खूण पुसली जाते. मला माझ्या कामाचा अभिमान वाटला हे कबूल करतो. बाई आत येऊन म्हणाल्या, "नवाच आणला की काय?" आम्ही दोघे मूर्ख एकमेकांकडे बघून हसलो.

मुलगी संध्याकाळी घरी आली. कोट खिळ्याला टांगलेला होता. मास्तर उगाच स्टोव्ह पुसत उभा. तिनं कोटाची कड हातात घेतली, उलटली, बोट फिरवत पार दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

"बरा झालाय ना?" मास्तर म्हणाला.

"टाके कुठायत?"

"दिसतच नाहीत. तेच तर कसब..."

"आईचे टाके कुठायत?"

मास्तरच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"तळघरात बसून तीन दुपारी शिवत होती ती," मुलगी म्हणाली. "सगळी बोटं टोचून घेतली. मी म्हटलं, राहू दे, मी उचलून धरीन. तर म्हणाली, वाटेत पायात अडकून पडलीस तर तुला कोण उचलणार? आणि माहितीये शेवटी काय म्हणाली? तुझ्या बाबांना दाखवू नकोस, हसतील."

मास्तरनं फडकं स्टोव्हवर ठेवून दिलं.

"तुम्ही हसलासुद्धा नाहीत. उसवूनच टाकलंत." तिनं कोट खिळ्याला परत टांगला, अगदी हळू. "गुरुवारी मी मावशीचं नाव सांगणार आहे." आणि पडदा ओढून घेतला.

रविवारी सकाळी माझं दार वाजलं. मास्तर कधी माझ्या घरी आला नव्हता. कोट बगलेत, दाढी न केलेली. "दादा, दुकानाची किल्ली तुझ्यापाशी असते ना?" जिन्यात उभ्याउभ्याच त्यानं सगळं सांगितलं. वाफ तर मीच दिली होती. मी किल्ली घेऊन तसाच निघालो.

शनिवारचा केर बाईंनी पिशवीत भरून मागच्या दाराशी ठेवला होता. नशीब, तो न्यायला माणूस सोमवारी येतो. आम्ही ती पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. आठवड्याभराचे दोरे, लोकरीचा भुगा, तुटकी बटणं, खडूचे तुकडे आणि बाईंनी लपूनछपून खाल्लेल्या गोळ्यांचे कागद.

"बाईंना डॉक्टरनं गोड बंद केलंय ना?" मास्तर म्हणाला.

"तू पांढरा दोरा शोध."

"शोधतोय. हा?"

"ही माझी दाढी असेल."

अशी दोन टकलं एकमेकांना लागेपर्यंत वाकून आम्ही चिमट्यानं दोरे निवडत होतो. जाड पांढरे तुकडे एकेक करून काळ्या कापडावर मांडले. कोणी बोटभर, कोणी नखाएवढा. एकच तेवढा वीतभर निघाला. तो मिळाला तेव्हा मास्तर खाली बसला.

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. मुलगी धापा टाकत उभी. हातात चिठ्ठी. मास्तरनं घरी लिहून ठेवलं होतं, "कोट नेला आहे. काही करणार नाही." त्यावर विश्वास कोण ठेवणार?

"परत?" ती म्हणाली. मग तिनं टेबल बघितलं, केराचा ढीग, आमच्या नाकाला चिकटलेला भुगा. "हे काय चाललंय?"

मास्तरनं काळं कापड तिच्यापुढे सरकवलं. बोलताना त्याची नजर त्या दोऱ्यांवरच होती. "एवढेच मिळाले. आणखीही असतील. ये, इकडे बघ." त्यानं कोटाची दुमड, आपली स्वतःची, बघता बघता उसवली आणि अस्तर खिडकीच्या काचेवर धरलं. बारीक बारीक उजेडाचे ठिपके दिसले, वाकडेतिकडे, एक लांब, एक जवळ, मध्येच दोन एकावर एक. "लोकरीची भोकं वाफेनं बुजली. अस्तराची बुजत नाहीत. तिनं अस्तरातूनच शिवलं होतं म्हणून राहिली. नियमानं शिवलं असतं तर काहीच राहिलं नसतं."

मुलगी काचेजवळ आली. तिनं एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"मग घाला ना परत," ती म्हणाली.

"घालून बघितलं. पहाटेपासून एका चिंधीवर प्रयत्न करतोय." त्यानं खिशातून चिंधी काढली. तिच्यावर पांढऱ्या दोऱ्याच्या चार ओळी होत्या, चारही सरळ. "हात ऐकत नाही. सरळच पडतो. तू घाल. तुला जमेल. तुझा हात तिच्यावर गेलाय."

हे असं बोलतात का! पण मुलीच्या ओठांचा कोपरा किंचित हलल्यासारखा वाटला.

"चुकलो मी," मास्तर म्हणाला. "त्या पडद्याच्या वेळीसुद्धा चुकलो होतो. तेव्हा सांगायला हवं होतं, तिला."

मुलीनं स्टूल ओढलं आणि सुईसाठी हात पुढे केला.

मग जे झालं ते मी माझ्या टेबलापासून बघितलं, आणि माझ्या मते मास्तरनं आयुष्यात केलेलं सर्वांत अवघड काम ते. तो अस्तर खिडकीशी धरून उभा राहिला आणि मुलगी एकेका भोकातून सुई घालू लागली. आईचा तुकडा पुरेल तिथे तो, नाही तिथे नवा दोरा, मध्ये गाठी. दोरा फार ओढत होती, सुई आडवी धरत होती. झाडूसारखी. मास्तरचं तोंड उघडे आणि मिटे. एकदा "अगं..." एवढं बाहेर पडलं, तेव्हा तो गप्पकन माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, हवा गार आहे आज."

"आहे खरी," मी म्हटलं.

तिच्या बोटात सुई घुसली. मास्तरनं खिशातलं अंगुस्तान पुढे केलं. तिनं मान हलवली. पुन्हा घुसली, तेव्हा घेतलं. ते तिला सैल होतं. मास्तरनं एक चिंधीचा तुकडा कापला, आत गोल बसवला, तिच्या बोटात घालून बघितलं, काढलं, थोडा कमी केला, पुन्हा घातलं. मापं घेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ती हात पुढे करून बसून राहिली.

दुपारपर्यंत जेमतेम वीतभर झालं. सोमवारी शाळा सुटल्यावर ती दुकानात आली, मंगळवारीही, बुधवारीही. खिडकीपाशी बसायची, चार बोटं शिवायची आणि जायची. बाई म्हणाल्या, "या वेगानं शिवलं तर हा कोट हिची नातवंडं घालतील." मुलीनं ते आपल्या भाषेत करून बापाला सांगितलं. मास्तर म्हणाला, "बाईंना विचार, गोळ्यांचे कागद कोणाचे?" मुलगी खो खो हसली, पण ते काही तिनं विचारलं नाही. गुरुवारचं मात्र कोणीच काढलं नाही. तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही, आणि मी तर काय, मुळातच घुमा.

गुरुवारी मी नव्हतो. मास्तरनं नंतर सांगितलं ते असं. लांबलचक खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, हातात नंबराची चिठ्ठी. मुलगी कोट घालून बसलेली, अर्धी दुमड शिवलेली, अर्धीला चार सेफ्टी पिना. नंबर लागला. टेबलापलीकडची अधिकारी तरुण होती, सर्दीनं बेजार. तिनं मुलीला प्रश्न विचारला. प्रश्न कळायला मास्तरला भाषेची गरज नव्हती. त्यानं गुडघे घट्ट धरले.

मुलगी बराच वेळ बोलली. मास्तरला त्यातले तीनच शब्द कळले, कारण तेवढेच त्याला येत होते. कोट. अस्तर. टाका. अधिकारी बाईनं टेबलावरून वाकून दुमड बघितली. मग नाक पुसलं, कागदावर काहीतरी लिहिलं, शिक्का मारला.

जिन्यात येईपर्यंत त्यानं दम धरला. मग विचारलं, "काय सांगितलंस?"

"थांबते म्हटलं."

मास्तरनं कठडा धरला. "कुठवर?"

"दुमड पुरी होईपर्यंत."

"ती तर काय, मनात आणलंस तर दोन दिवसांत..." एवढं बोलून त्याची जीभ जागेवर आली. "सावकाश कर. घाईत टाका बिघडतो."

"बिघडलेलाच घालायचाय, बाबा," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली.

त्या दुमडीचं पुढे काय झालं म्हणाल, तर ती झाली, शेवटची चार बोटं सोडून. तिथे एक सेफ्टी पिन राहिली. कधी परीक्षा होती, कधी दोरा नव्हता, कधी कंटाळा. तीन वर्षांत मुलगी उंच झाली, कोट गुडघ्यांवर चढला, आता दुमड सोडायला हवी होती, तरी पिन तिथेच. गिऱ्हाइकं म्हणत, "मास्तर, स्वतःच्या मुलीला सेफ्टी पिन?" मास्तर खांदे उडवायचा. "आमच्याकडे काम फार, वेळ लागतो." आणि माझ्याकडे बघायचा. मावशीला मुलीनंच पत्र लिहिलं. काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण त्यानंतर तो जुना पडदा पत्रांतून गेला.

खोलीतली चादर मात्र होती तिथेच राहिली. मुलगी मोठी झाली होती, तिला तिची बाजू हवी. फक्त दिवसा ती बाजूला सारलेली असायची.

मागच्या थंडीत एका रविवारी दुपारी मास्तर गेला. मुलगी समोर अभ्यास करत होती आणि तो खुर्चीत डुलकी घेत होता. छातीनं दगा दिला म्हणतात. आदल्या दिवशी, शनिवारी, आम्ही दुकान बंद केलं तेव्हा असं काही मनात आलं नव्हतं. मुलगी बाहेर फुटपाथवर उभी होती, कोटाच्या खिशात हात घालून. मास्तर टोपी घालून दारात थांबला आणि चार वर्षं रोज विचारायचा तेच त्यानं विचारलं.

"दादा, इस्त्री बंद केलीस का?"

"केली."

"हात लावून बघ."

"हात लावला तर भाजेल."

"बंद केलीस तर भाजेल कशी?"

"आत्ताच केलीय रे बाबा. जा तू, पोर थंडीत उभी आहे."

"बरं. सोमवारी भेटू."

"हो, सोमवारी."